खिळ्यावरचा एप्रन

१

मंगळवारी सकाळी थोरलीने कोल्ड रूमची कडी काढून दार ओढलं, आणि आतून दाराला टेकून बसलेले तिचे वडील तिच्या पायांवर कलंडले. अंगाभोवती भाजीची रिकामी पोती गुंडाळलेली, लोकरी टोपी कानांपर्यंत ओढलेली आणि हातात पातेल्याचं झाकण. झाकण इतकं चेपलं होतं की आता ते कुठल्याच पातेल्यावर बसलं नसतं.

गल्लीच्या कोपऱ्यावरचं ते लहानसं रेस्टॉरंट आणि वाइन बार त्या माणसाने स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. सगळे त्याला मालक म्हणत. तोंडावर आदराने म्हणत आणि पाठीमागे दात-ओठ खाऊन. बातमी पसरली तेव्हा गल्लीने तोंडाने 'अरेरे' केलं आणि मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

मालकाची धाकटी बहीण दुपारी येऊन पोचली. ती पूर्वी पोलिसांत होती आणि गुन्हे शाखेत तिच्या नावाने भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. इथे मात्र ती फक्त आत्या होती. आई लवकर गेली म्हणून थोरलीला तिनेच लहानाची मोठी केली होती. स्वतःला मूलबाळ नव्हतं. जगात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाने फोनवर रडत सांगितलं होतं, "आत्या, ये गं. बाबा गेले, आणि पोलीस धाकट्याला घेऊन जायला निघालेत."

हॉलमध्ये खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. एका कोपऱ्यात धाकटा भाचा मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या समोर इन्स्पेक्टर. आत्याला बघून इन्स्पेक्टर ताडकन उठला. एके काळी तो तिच्या हाताखाली शिकला होता.

"मॅडम, कोल्ड रूमची आतली मूठ कधीची तुटलेली आहे. रविवारी दुपारी बाहेरून कडी याने घातली. आणि मागच्याच आठवड्यात हा सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाला होता, 'एक दिवस तुम्हालाच आत कोंडतो.'"

"ते मूठ दुरुस्त करण्यावरून म्हणालो होतो," धाकटा पुटपुटला.

"डॉक्टर काय म्हणतात?" आत्याने विचारलं.

इन्स्पेक्टरने आवाज खाली आणला. "सोमवारी दुपारपर्यंत जिवंत असावेत."

आत्याने मनात हिशोब केला. तिचा दादा रात्रभर आणि वर अर्धा दिवस ते झाकण दारावर बडवत बसला होता.

२

आतली मूठ तुटली तेव्हा मालकाने ती दुरुस्त केली नव्हती. "ज्याला डोकं आहे त्याला मूठ कशाला लागते?" असं म्हणून त्याने दाराशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला आणि नियम केला. आत जाणाऱ्याने स्वतःचा एप्रन खिळ्याला लावायचा. खिळ्यावर काही असेल तोवर कडी घालायची नाही. स्वतः मालकाने चूल सोडल्यापासून एप्रन घालणं बंद केलं होतं, म्हणून तो आपली लोकरी टोपी खिळ्याला लावायचा. एकदा एक आचारी एप्रन न लावता आत गेला तर मालकाने मुद्दाम कडी घातली, त्याला रडेपर्यंत आत ठेवलं आणि बाहेर काढून लगेच कामावरून काढून टाकलं. तेव्हापासून नियम सगळ्यांच्या हाडांत मुरला होता.

"आत्या, खिळा रिकामा होता," धाकटा म्हणाला. "मी बघूनच कडी घातली."

"हाक मारलीस?"

"हाक कशाला? खिळा आहे ना!"

आत्याला त्याचा रागही आला आणि कीवही आली. या घरातली माणसं माणसापेक्षा खिळ्यावर जास्त विश्वास ठेवत होती.

"दादा दिसला नाही, तर तुला काही वाटलं नाही?"

"रविवारची जेवणं उरकली की बाबा कोल्ड रूममध्ये चीजचे तुकडे तपासायला जायचे, कुणी खाल्लंय का बघायला. तिथून मागच्या जिन्याने वर झोपायला. सोमवारी सुट्टी. सोमवारी ते तोंड दाखवायचे नाहीत, आणि खरं सांगू? आम्हीही बघायला जायचो नाही."

"काल इथे कुणीच नव्हतं?"

"ताई होती. दर सोमवारी येतेच की ती, हाडं उकळून स्टॉक करायला. आठवड्याची सुपं, सॉस सगळं त्यावरच चालतं. काल माझ्या खोलीपर्यंत वास आला. पण ते दार हातभर जाड, वर पंख्याची घरघर. तिला काही ऐकू आलं नाही म्हणते."

इन्स्पेक्टर खांदे उडवत म्हणाला, "म्हातारा माणूस, टोपी लावायला विसरला असेल. तसं असेल तर अपघात. नाहीतर यानेच टोपी उचलली आणि नंतर परत डोक्यावर चढवली."

"कधी? थोरलीने दार उघडलं तेव्हा टोपी डोक्यावरच होती," आत्या म्हणाली. "आणि कानांपर्यंत ओढलेली. टोपी दादाबरोबर आत गेली आणि आतच राहिली."

"म्हणजे विसरलाच."

नियमापायी ज्याने एका माणसाच्या पोटावर पाय दिला, तो स्वतः नियम विसरेल हे आत्याला पटेना. दादा दुष्ट होता, विसराळू नव्हता. त्याने खिळ्याला काहीतरी लावलं होतं. टोपी नाही, तर मग काय?

३

या प्रश्नाचं उत्तर म्हाताऱ्या वेटरने दिलं, तेही न विचारता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नसे.

"रविवारचा तमाशा तुम्हाला कुणी सांगितला नाही ना, आत्याबाई? कोण सांगणार! तुम्हाला ठाऊक आहे, वाइनचं सगळं जावईबापू बघतात. दर रविवारी मालक त्यांना भर हॉलमध्ये उभं करायचे, रुमालाने झाकलेला ग्लास द्यायचे आणि विचारायचे, ओळख कुठली वाइन. लोक खास ते बघायला यायचे. कधी ओळखायचे, कधी चुकायचे. या रविवारी बिचाऱ्यांनी ग्लास हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, जुनी आहे, घरंदाज आहे, फळाचा सुवास आहे. अशी स्तुती की बस्स."

"मग?"

"मालक म्हणाले, ही सगळ्या टेबलांवरच्या उष्ट्या ग्लासांतली उरलीसुरली वाइन. सकाळपासून एका जगमध्ये गोळा करत होतो." रेडिओने नजर दुसरीकडे वळवली. "सगळे हसले. मीसुद्धा हसलो. न हसून सांगतो कुणाला? मग मालक म्हणाले, काढ तो एप्रन. उष्टं पिणाऱ्याला एप्रन शोभत नाही. जावईबापूंनी सगळ्यांदेखत काढून दिला. मालक तो बोटाच्या टोकावर फिरवत फिरवत स्वयंपाकघरात गेले."

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. इथे ग्रहण लागलं होतं ते जावयालाच.

"आणि जावई?"

"नुसत्या शर्टावर रस्त्यात. एवढ्या थंडीत! मी त्यांचा कोट घेऊन मागे पळालो. त्यांना घरी नेलं, अंधार पडेपर्यंत शेजारी बसून राहिलो. काही बरं-वाईट करून घेतील अशी भीती वाटली. एक शब्द बोलले नाहीत, आत्याबाई. सारखी चूळ भरत होते."

"थोरली कुठे होती हे सगळं चाललं तेव्हा?"

"ताई? आतून खिडकीतून बघत होत्या. ताटं जिथून बाहेर येतात ना, त्या खिडकीतून." रेडिओने आठवून पाहिलं. "त्या हसल्या नाहीत."

४

जावई तळघरात बाटल्या पुसत होता. सासरा मेलेला सापडला त्या दिवशी बाटल्या पुसायचं काहीच कारण नव्हतं, पण त्याला हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. त्याच्या अंगावर पांढरा एप्रन होता. धुतलेला, कडक इस्त्रीचा, घडीच्या रेषा अजून तशाच. छातीवर निळ्या दोऱ्याने द्राक्षाचा घड भरलेला. असा घड फक्त त्याच्या एप्रनवर होता. थोरलीने लग्नानंतर स्वतः भरला होता तो.

"दुसरा आहे असा?" आत्याने विचारलं.

"नाही. एकच."

"रविवारी दादाने तुमच्याकडून काढून घेतला तोच हा?"

"हो."

"मग तो तुमच्याकडे परत कसा आला?"

जावयाचा हात थांबला. त्याने मान खाली घालून एप्रनकडे बघितलं, जणू काही दुसऱ्याच कुणीतरी तो त्याच्या अंगावर बांधला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. आत्याने उभ्या नोकरीत पुष्कळ चेहरे उतरताना बघितले होते. हा माणूस काही लपवत नव्हता. त्याला ते आत्ता, या क्षणी कळत होतं.

मग तो म्हणाला, "मी काढला."

"कुठून?"

"खिळ्यावरून. त्यांनी तिथे लावून ठेवला असेल. मी परत आलो, माझा एप्रन दिसला, घेतला आणि गेलो. माझाच एप्रन ना, आत्या. मी बाहेर उभा आहे म्हणजे आत कुणी नाही, असंच वाटणार ना माणसाला? आमच्याकडे कुणालाही तसंच वाटलं असतं."

ते अगदी खरं होतं. या घराच्या नियमाने वागणारा माणूस नेमकी हीच चूक करू शकत होता. त्याने आपला एप्रन उचलला, मेव्हण्याने रिकामा खिळा बघून कडी घातली, कुणाचाच दोष नाही. धाकटाही सुटत होता. आत्याला क्षणभर हायसं वाटलं, आणि ते तसंच राहावं अशी तिची फार इच्छा झाली.

पण रविवारी अंधार पडेपर्यंत हा माणूस रेडिओसमोर बसून चूळ भरत होता.

"धुतला कुणी?" आत्याने विचारलं.

जावई पुन्हा तीच बाटली पुसायला लागला.

५

स्वयंपाकघरात थोरली मोठ्या पातेल्याजवळ उभी होती. खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावर ते रात्रभर गार व्हायला ठेवलेलं होतं. तिथे इतकी थंडी असायची की लोण्यात सुरी शिरत नसे.

"ये आत्या. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. कालचा स्टॉक आहे, सूप गरम करून देते."

आत्या स्टुलावर बसली. या पोरीची पहिली वेणी तिने घातली होती.

"जावई म्हणतो, एप्रन खिळ्यावरून त्याने काढला."

थोरलीच्या हातातला डाव थांबला आणि मग पुन्हा हलला. "असं म्हणाला? मग तसंच असेल."

"मला वाटलं तू म्हणशील की तो तुला हॉलमधल्या खुर्चीवर सापडला."

"तेच म्हणणार होते," थोरली म्हणाली. "पण हे बरंय."

आत्याने हात पुढे करून तिच्याकडून डाव घेतला. पातेल्यात बुडवला, वर उचलला आणि वाकडा केला. स्टॉक पाण्यासारखा ओघळून खाली गेला. तिने पुन्हा एकदा तेच केलं.

"तुला पहिल्यांदा स्टॉक करायला शिकवलं तेव्हा मी काय सांगितलं होतं?"

थोरली पातेल्यात बघत राहिली.

"गार झाल्यावर थरथरला पाहिजे. डाव उभा राहिला पाहिजे त्यात. हाडांतला चिकटा उतरतो म्हणून तो गोठतो." आत्याने डाव खाली ठेवला. "यात कांदा आहे, गाजर आहे. हाड एक नाही. कधी नव्हे ते हाडांशिवाय स्टॉक का केलास, पोरी? हाडं संपली होती?"

"नाही."

"कुठे आहेत?"

थोरलीने कोल्ड रूमच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

आत्याचा आवाज आता बराच खाली आला होता. "दादा आत जाताना त्याच्या हातात जावयाचा एप्रन होता. टोपी काढायची कशाला, त्याने तोच लावला. आता तू सांग. खिळ्यावर आपल्या नवऱ्याचा एप्रन बघितला, तर बायकोला काय वाटेल? नवरा आत आहे. ती एप्रनला हात लावणार नाही. जावयाने स्वतः काढला असता तर ती चूक ठरली असती. धाकट्याने काढला असता तर तो तुझ्या घरी नेऊन धुऊन, इस्त्री करून ठेवला नसता. हात लावेल ती अशीच बाई, जिला नक्की ठाऊक आहे की नवरा रस्त्यावर आहे आणि आत दुसरंच कुणी आहे. नुसतं खिळ्यावरून एप्रन काढणं, एवढंच केलंस तू. कडी भावाने घातली. आणि काल तू दिवसभर इथे उभी होतीस, गल्लीला सवयीचा वास यावा म्हणून पाण्यात कांदे उकळत. ते दार उघडावं लागू नये म्हणून हाडांशिवाय."

थोरलीने ओल्या फडक्याने कट्टा पुसला, फडकं पिळलं, दांडीवर वाळत घातलं.

"त्यांनी एप्रन लावला ना, तेव्हा मला म्हणाले, 'तुझ्या नवऱ्यापेक्षा हा खिळा कामाचा.' आणि आत गेले." ती अगदी सरळ आवाजात सांगत होती. "मी आधी नुसताच काढला. वाटलं, जरा घाबरू देत. धाकटा आला, त्याने कडी घातली. मी म्हटलं, सांगेन थोड्या वेळाने. मग म्हटलं, संध्याकाळी सांगेन."

"आणि काल?"

"काल सकाळी आले तर ठोकत होते. आधी शिव्या दिल्या. मग माझं नाव घेतलं. लहानपणी मला ज्या नावाने हाक मारायचे ना, त्या नावाने. मी कांदे चिरत होते. दुपारी थांबले."

आत्याला रडू आलं. दादासाठी नव्हे. या पोरीसाठी, जिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

६

हॉलमधून इन्स्पेक्टरच्या खोकल्याचा आवाज आला. तो मॅडमच्या शब्दाची वाट बघत होता. मॅडम म्हणतील ते तो लिहून घेणार होता, आणि हे आत्या आणि थोरली दोघींनाही ठाऊक होतं.

"मला कशाला बोलावलंस गं?" आत्या म्हणाली. "अपघात म्हणून मिटलं असतं."

"धाकट्याला धरलं ना त्यांनी. त्याचा काय दोष?"

हे ऐकून आत्याचा जीव थोडा भांड्यात पडला. म्हणजे या पोरीत काहीतरी शाबूत होतं. आयुष्यभर तिला छळणारा माणूस गेला होता. त्याला कुणी परत आणणार नव्हतं, आणि आणावा असं कुणाला वाटतही नव्हतं. चुकून एप्रन काढला म्हणून जावयाला कायद्याने फारसं काही होणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आत्याने उभ्या जन्मात एकदाही असं केलं नव्हतं, पण आत्ता तिची जीभ टाळूला चिकटून बसली होती.

"आणि तुझा नवरा?" तिने विचारलं. "सासऱ्याला मारलं म्हणून मरेपर्यंत लोक त्याच्याकडे बोट दाखवतील. तुझ्यासाठी खोटं बोलला तो."

"त्याचं काय?" थोरली म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "तसेही लोक त्याला हसतातच. उष्टं गोड लागतं त्याला."

आत्याने ते हसू ओळखलं. लहानपणी ते तिच्या वाट्याला आलं होतं, मग वहिनीच्या, मग या पोरीच्या. खाण तशी माती म्हणतात. या पोरीच्या वेण्या घालून, तिला जवळ घेऊन झोपवून, स्टॉक करायला शिकवून आत्याने ती माती बदलायची धडपड केली होती. काही बदललं नव्हतं. दादा आत गोठून मेला, आणि इथे चुलीपाशी धडधाकट उभा होता.

"जरा थांब," थोरली म्हणाली. "पोलिसांचं आतलं काम झालंय. हाडं काढून घेते. आणखी एक दिवस राहिली तर फेकावी लागतील."

तिने गळ्यातून एप्रन काढला आणि बोलता बोलता, अगदी सवयीने, खिळ्याला लावला. मग मागे वळूनही न बघता आत गेली. आत टबांचा आवाज झाला. दार तिच्या मागे आपोआप हळूहळू मिटत होतं.

आत्या उठली आणि दारापाशी गेली. समोर खिळा होता, त्यावर एप्रन, खाली कडी. आतली पोर बिनघोर होती. आपला एप्रन बाहेर आहे आणि बाहेर आत्या आहे, एवढं तिला पुरत होतं.

आत्याने एप्रनला हात लावला नाही. पाय पुढे टाकून तिने दार टाचेने अडवलं, सताड उघडं धरलं आणि हॉलकडे तोंड करून इन्स्पेक्टरला हाक मारली.